मगरींच्या मुलखात दोघांची कॅराव्हॅन

ऑस्ट्रेलियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी सिडनी-मेलबर्न करतात, जमलं तर केर्न्सहून प्रवाळ पाहून येतात आणि परततात. मुलगा किंवा मुलगी तिकडे स्थायिक असेल तर मुक्काम लांबतो, पण उत्तरेकडचा उष्ण कटिबंधातला ऑस्ट्रेलिया राहूनच जातो. ज्या जोडप्याला गाडी चालवायची आवड आहे, पक्षी-प्राण्यांची ओढ आहे आणि चार-पाच आठवडे मोकळे आहेत, त्यांनी केर्न्स ते डार्विन हा रस्ता कॅराव्हॅनने करावाच, असं मला मनापासून वाटतं. केर्न्सहून अ‍ॅथर्टनचं पठार, मग माउंट सरप्राइज, क्रॉयडन, नॉर्मंटन, तिथून खाली क्लॉनकरी, माउंट आयझा, कामूविल, थ्री वेज आणि पुन्हा वर मॅटरँका, कॅथरीन, काकाडू, डार्विन. आडवाटा धरून तीन हजार किलोमीटरच्या वर जातं. मुख्य रस्ता सगळा डांबरी आहे.

आखणी करताना एक पथ्य पाळा. ठिकाणं कमी करा आणि मुक्काम वाढवा. इथले प्राणी पहाटे आणि तिन्हीसांजेला दिसतात. दुपारी दोनला पोचून दुसऱ्या दिवशी नऊला निघणाऱ्याला वारुळं आणि पेट्रोलपंप तेवढे दिसतात. जिथे पाणथळ जागा किंवा जंगल आहे तिथे निदान तीन रात्री ठेवा. मधली कोरडी, लांबलचक पट्टी मात्र भराभर ओलांडली तरी चालेल.

कधी जायचं, हे ठरवायला काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या मूळ रहिवासी बिनिंज लोकांचं पंचांग आपल्याला लगेच उमगतं, कारण ते आपल्यासारखेच वर्षाचे सहा ऋतू मानतात. पर्यटन खातं फक्त दोन सांगतं, ओला आणि कोरडा. डिसेंबर ते मार्च धो धो पाऊस, पूर, बंद रस्ते. एप्रिलमध्ये शेवटची वादळं माणसाहून उंच वाढलेलं गवत झोपवतात. मे-जूनमध्ये वुलीबट नावाचं झाड फुललं की जमिनीवरून हळूहळू सरकणारे, थंड वणवे मुद्दाम लावले जातात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात मोठी आग भडकत नाही. रस्त्याकडेला असा धूर दिसला तर घाबरू नका, काचा वर करून सावकाश पुढे जा आणि आकाशाकडे लक्ष ठेवा. तिथे घारी जमलेल्या असतात. आपल्याकडे आकाशात घिरट्या घालते तीच घार, तीच जात. आगीपुढे पळणारे टोळ आणि सरडे त्या टिपतात. जळती काटकी उचलून त्या दुसरीकडे टाकतात आणि आग पुढे नेतात, असं तिथले मूळ रहिवासी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. जून ते ऑगस्ट हवा सगळ्यात सुखाची, पण गर्दीही तेव्हाच. मेच्या अखेरीस निघालात तर धबधब्यांना पाणी असतं आणि जागाही मिळते. फक्त काही आडरस्ते तोवर उघडलेले नसतात.

आता वाहन. गाडीमागे जोडायची ती कॅराव्हॅन आणि एकाच सांगाड्यात घर असलेली ती मोटरहोम. तिकडे नातेवाइकांची दणकट गाडी आणि स्वतःची कॅराव्हॅन असेल तर उत्तम, नाहीतर भारतातून गेलेल्यांनी मोटरहोम भाड्याने घ्यावी. भाड्याने ती सहज मिळते आणि मागे घेताना घाम फुटत नाही. करारपत्र शांतपणे वाचा. कच्च्या रस्त्यावर नेली किंवा गावाबाहेर अंधारात चालवली तर विमा लागू होत नाही, असं कलम बहुतेक वेळा असतं. एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचा आकारही आधीच विचारून घ्या. गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे ती अडचण नाही. आपला परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून सोबत ठेवावा.

कॅराव्हॅन ओढणार असाल तर वजनाचं गणित नीट समजून घ्या. अपघात बहुधा तिथेच शिजतात. जड सामान खाली आणि चाकांच्या बरोबर वर ठेवायचं. मागच्या टोकाला पाण्याचे कॅन आणि सायकली टांगल्या की कॅराव्हॅन शेपटी हलवू लागते आणि ओढणारी गाडीही सोबत झुलते. जोडाच्या गोळ्यावर पडणारं वजन एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावं. ७५० किलोच्या वरच्या कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक लागतात. २,००० किलोच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि जोड तुटला तर आपोआप लागणारा ब्रेक, दोन्ही सक्तीचे आहेत. निघण्याआधी वजनकाट्यावर जाऊन खरा आकडा पाहा. पाण्याची टाकी भरलेली असताना पाहा.

नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात महामार्गावर ताशी १३० पर्यंत वेगाची मुभा काही पट्ट्यांत आहे. ती आपल्यासाठी नाही, नव्वदच्या आसपास राहा. या रस्त्यांचे खरे मालक म्हणजे रोड ट्रेन, तीन-चार डबे जोडलेले, ५३.५ मीटरपर्यंत लांबीचे ट्रक. त्यांना ओलांडायचं तर पुढचा किलोमीटरभर रस्ता रिकामा दिसायला हवा. नॉर्मंटनच्या वाटेवर काही ठिकाणी डांबराची एकच पट्टी आहे. समोरून रोड ट्रेन आली की वेग कमी करून पूर्ण डावीकडे मातीवर उतरा आणि तिला डांबर सोडा. ती मातीवर उतरली तर दगड तुमच्या काचेवर येतात. ट्रकवाल्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओवर चाळीसावी वाहिनी असते. ओलांडण्याआधी त्यांना विचारलं तर ते आपुलकीने सांगतात.

सूर्य मावळायच्या तासभर आधी गाडी मुक्कामी लावा. वॉलबी आणि कांगारू त्याच वेळी रस्त्याकडेच्या कोवळ्या गवतावर येतात. कुरणांना कुंपण नसल्याने गुरंही डांबरावर बसलेली असतात. दिवसा मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेला दिसला तर आधीच हॉर्न द्या आणि वेग उतरवा. इथला मोठा गरुड पोटभर खाल्ल्यावर पटकन उडू शकत नाही आणि उडतो तो थेट काचेच्या उंचीवर. तुमच्याच गाडीखाली प्राणी आलाच तर सुरक्षित जागी थांबून पाहा. मादी असेल तर पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं. ते तोंडात धरलेल्या आचळापासून ओढून काढू नका. वन्यजीव बचाव पथकाचा क्रमांक प्रत्येक मुक्कामी कॅराव्हॅन पार्कच्या ऑफिसात विचारून लिहून ठेवा आणि फोन करा.

कामूविल ते बार्कली रोडहाउस सुमारे २६० किलोमीटर काही नाही. टाकी अर्ध्यावर आली की भरा. फोनला बहुतेक वाटेवर रेंज नसते. टेल्स्ट्राचं जाळं त्यातल्या त्यात बरं. उपग्रहावर चालणारं संकटसूचक यंत्र सोबत असावं. तातडीचा क्रमांक ०००. भारताशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्ससह विमा हवाच. वाटेवरच्या क्लॉनकरी गावातून १९२८ साली विमानाने डॉक्टर पोचवणारी सेवा सुरू झाली. तिचं संग्रहालय तिथे आहे. मैलोन् मैल निर्मनुष्य रान पाहून आल्यावर ते बघावं, म्हणजे त्या सेवेचं मोल कळतं.

पाण्याविषयी मी जरा सविस्तर लिहिते. सांगलीच्या कृष्णेत किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत आपण पाहतो ती मगर वेगळी. इथली खाऱ्या पाण्यातली मगर पाच मीटरपेक्षा मोठी होते आणि तिच्या दृष्टीने माणूस हे भक्ष्यच असतं. नावावर जाऊ नका. ही मगर नदीतून समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, गोड्या पाण्यातही राहते. कातड्यासाठी बेसुमार शिकार झाल्यावर नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ साली तिला संरक्षण मिळालं. तेव्हा तिथे सुमारे तीन हजार उरल्या होत्या, आज अंदाज एक लाखाच्या घरात आहे. वन्यजीव संरक्षणाची इतकी यशस्वी गोष्ट जगात क्वचित सापडते. पाण्याच्या कडेला आपण कसं वागायचं, हे त्या यशाने ठरवलं आहे.

पाण्याच्या काठापासून निदान पाच मीटर दूर राहा. तळ ठोकायचा तर काठापासून ५० मीटर लांब आणि भरतीच्या रेषेपेक्षा दोन मीटर उंच. मासे साफ करणं, भांडी विसळणं, हात धुणं काठावर नाही. रोज एकाच वेळी एकाच जागी पाणी भरायला जाणं तर मुळीच नाही. मगर दोन दिवस पाहते आणि तिसऱ्या दिवशी थांबते. पाटी नाही म्हणजे मगर नाही, असा अर्थ कधी काढू नका. पाण्यात उतरायचं तर फक्त उद्यानाने तपासून उघडलेल्या जागी, तेही त्या दिवशीचा फलक वाचून. मॅटरँकाचा ३४ अंशांचा उबदार झरा, लिचफील्ड उद्यानातला फ्लॉरेन्स धबधबा आणि बुली रॉकहोल ही अशी ठिकाणं. लिचफील्डचाच वांगी धबधबा पावसाळ्यानंतर मगरी हुडकून काढेपर्यंत बंद असतो. समुद्राचंही तेच. साधारण ऑक्टोबर ते मे या काळात किनाऱ्याला बॉक्स जेलीफिश असतात, त्यांचा दंश जीव घेऊ शकतो. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतील, त्या त्यासाठीच.

मगर पाहायची असेल तर काकाडूत काहिल्स क्रॉसिंगला जा. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरचा हा बुटका सिमेंटचा रस्ता. भरतीचं पाणी नदीत उलटं चढू लागतं, मासे त्यासोबत येतात आणि खालच्या बाजूला मगरी तोंडं उघडून ओळीने थांबतात. उद्यानाच्या माहिती केंद्रात तिथल्या भरतीची वेळ विचारा, तासभर आधी पोचा आणि बांधलेल्या सज्ज्यावरूनच पाहा. रस्त्यापलीकडे आर्नहेम लँड हा मूळ रहिवाशांचा प्रदेश लागतो, तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. दुसरी जागा यलो वॉटर. तिथली पहाटेची नौकाफेरी चुकवू नका. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा तुरेवाला कमळपक्षी, हजारोंनी बसलेले मॅगपाय गूज आणि धुक्यात नुसत्या डोळ्यांनी तरंगणारी मगर हे सगळं एकाच नजरेत येतं.

तिथे प्राण्यांना खाऊ घालायचा नाही, हे पाळणं आपल्याला जड जातं. पहिला घास कावळ्याला, देवळाच्या तळ्यात माशांना लाह्या, उरलेला भात अंगणात चिमण्यांना, असे आपण वाढलो. त्यामागचा भाव चांगला आहे, पण इथे त्याने प्राणी मरतात. कॅसोवरीचं उदाहरण घ्या. केर्न्सच्या दक्षिणेला मिशन बीच किंवा एटी बे इथे हा माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा, डोक्यावर शिरस्त्राण असलेला पक्षी दिसतो. पावसाळी जंगलातली मोठमोठी फळं तो अख्खी गिळतो आणि बिया दूरवर पेरतो. कित्येक झाडांची वाढ त्याच्यावर अवलंबून आहे. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. पर्यटकांनी केळं दिलं की तो रस्त्याला सरावतो, गाड्यांकडे धावतो आणि एक दिवस चाकाखाली जातो. त्याच्या आतल्या बोटाला खंजिरासारखी बारा सेंटिमीटरची नखी असते, तेव्हा अंगावर आला तर पळू नका. पाठपिशवी पुढे धरा आणि तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागे सरका.

अ‍ॅथर्टनच्या पठारावर निदान चार रात्री राहा. युंगाबरा गावाच्या पीटर्सन ओढ्यावर प्लॅटिपस दिसतो. अंडी घालणारा सस्तन प्राणी म्हणून शाळेत नाव ऐकलेला, प्रत्यक्षात हातभरच लांब. पहाटे जा, बोलू नका. आधी पाण्यावर बुडबुड्यांची रांग उमटते, मग एक तपकिरी चपटी पाठ वर येते. बुडी मारताना तो डोळे-कान मिटून घेतो आणि चोचीला जाणवणाऱ्या विजेच्या सूक्ष्म लहरींवर भक्ष्य शोधतो. गालात भरलेलं खाणं चावायला तो वर येतो आणि काही सेकंदांत पुन्हा गडप. त्याच्याजवळ जायची युक्ती सोपी आहे. तो खाली असताना चार पावलं चाला, वर आला की खांबासारखे उभे राहा. आम्ही दोघं असे काठाने सरकत गेलो, तेव्हा तो इतक्या जवळ वर आला की चोचीच्या कडेला लागलेला चिखल दिसत होता.

याच पठारावर सारस पाहायला मिळतो. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या भातखाचरांत मोजके उरलेत, तोच सारस. ऑस्ट्रेलियात त्याची नोंद १९६६ पर्यंत झालीच नव्हती, कारण तिथल्या ब्रोल्गा या क्रौंचात तो मिसळून जायचा. पावसाळ्यात तो नॉर्मंटनच्या आसपासच्या गवताळ मैदानांत वीण करतो आणि कोरड्या दिवसांत पठारावरच्या कापणी झालेल्या मक्याच्या शेतांत येतो. दुर्बीण आधी पायांवर लावा. सारसाचे पाय गुलाबी, ब्रोल्गाचे करडे-काळे. मग मान पाहा. सारसाचा लाल रंग मानेवर खाली उतरतो, ब्रोल्गाचा डोक्याभोवतीच पट्ट्यासारखा राहतो आणि त्याच्या हनुवटीखाली काळी झोळ लोंबते. संध्याकाळी ब्रॉमफील्ड स्वॉम्पच्या काठावर उभं राहिलं की दोन्ही जाती थव्याथव्याने उतरताना दिसतात. सारसासाठी धडपडणाऱ्या विदर्भातल्या कार्यकर्त्यांना हे दृश्य दाखवावं असं फार वाटतं. शेतकऱ्यांचं पीक आणि पक्षी यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तिथेही आहे आणि तो तिथेही शेतातच सोडवावा लागतो.

जेवणखाणाचं थोडक्यात. विमानतळावर उतरताना पत्रकात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा, लोणचं, मसाले, सुकी चटणी, सगळं. जाहीर केलेली वस्तू फार तर ठेवून घेतात, लपवली तर जबर दंड होतो. दुधाचे पदार्थ नेऊच नका. डाळ, तांदूळ, कणीक केर्न्सला भरून घ्या. पुढे मोठा बाजार माउंट आयझा आणि कॅथरीनलाच. फोडणी बाहेर छपरीखाली द्या. आत दिली की धुराचा भोंगा वाजतो आणि हिंगाचा वास गादीत महिनाभर राहतो. उष्टं-खरकटं रात्री बाहेर ठेवू नका. संध्याकाळी दिव्याखाली मोठाले बेडूक येतील, ते केन टोड. उसावरची कीड खातील म्हणून १९३५ साली क्वीन्सलंडमध्ये आणले. कीड राहिली बाजूलाच, पण त्यांच्या विषाने क्वोल नावाचे छोटे शिकारी प्राणी आणि घोरपडी मोठ्या संख्येने मेल्या. झाडावरून खाली पडलेलं वटवाघूळही कधी हाताने उचलू नका, त्यातून जीवघेणा विषाणू येऊ शकतो. साप चावला तर जखम धुवायची नाही, दाबपट्टी बांधून तो अवयव हलू द्यायचा नाही. दाबपट्टी दोघांच्याही हाताला येईल अशी ठेवा आणि बांधायचा सराव घरीच करा.

दोघांनी कामं वाटून घ्यावीत, पण कुठलंही काम एकालाच येतं असं राहू देऊ नये. गाडी दोघांनाही चालवता यावी, गॅस दोघांनाही बंद करता यावा. निघताना एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं: गॅस बंद, छताची खिडकी बंद, फ्रीजला कडी, पायरी आत, विजेची तार काढलेली, साखळ्या लावलेल्या. मागे घेताना खाली उतरलेल्याने आरशात दिसेल अशाच जागी उभं राहावं आणि "थांब"ची एकच खूण ठरवून घ्यावी. नवरा-बायकोची निम्मी भांडणं या खुणेअभावी होतात. दिवसातला एखादा तास दोघांनी वेगवेगळा काढावा. एकाने पक्ष्यांची वही घ्यावी, दुसऱ्याने खुर्ची टाकून पडावं. इतक्या लहान घरात त्याची गरज असते.

तिकिटांमध्ये एक गोंधळ होतो. काकाडू केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे, त्याचा पास वेगळा. लिचफील्ड आणि कॅथरीनची निटमिलुक घळ नॉर्दर्न टेरिटरीच्या ताब्यात, बाहेरच्यांना त्यांचा पास आणि राहण्याची जागा आधी आरक्षित करावी लागते. काकाडूत उबिर आणि बुरुंगकुय इथली शैलचित्रं पाहायला एक पूर्ण दिवस ठेवा. उबिरला ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला थायलसिन हा प्राणी, पाठीवर पट्टे असलेला, खडकावर रंगवलेला आहे. जिम जिम धबधब्याचा रस्ता कच्चा आहे, मोटरहोम तिकडे नेऊ नका. स्थानिक सहल घ्या.

डार्विनला पोचण्याआधी एक रात्र फॉग डॅमजवळ काढता आली तर बघा. १९५० च्या दशकात भातशेतीसाठी बांधलेलं हे धरण. शेती बुडाली, पाणी राहिलं आणि पक्ष्यांनी ते आपलंसं केलं. बांधावर चालायला मगरींमुळे बंदी आहे, गाडीतूनच सावकाश फिरायचं, काचा उघड्या ठेवून. शहरात गाडी परत देण्याआधी एक दिवस हाताशी असू द्या. पाण्याच्या टाक्या आणि शौचालयाची पेटी ठरलेल्या जागी रिकामी करायची असते, चाकांच्या खोबणीतली माती धुवायची असते, आणि टायरच्या कडा उजेडात नीट पाहून त्यांचे फोटो काढून ठेवायचे असतात.